तालमीतून मैदानाकडे : खेळाडूच्या शरीरसाधनेचा एक ऐतिहासिक विचार
(ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या संदर्भात)

१

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले आणि १६ तारखेला १९२८ नव्हे, तर २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांसाठी जे नवे खेळ मान्य झाले त्यांत क्रिकेटबरोबर लॅक्रॉस या खेळाचाही समावेश झाला. क्रिकेटच्या वार्तेने वृत्तपत्रांचे रकाने भरले. लॅक्रॉसचे नाव बहुतेकांच्या नजरेतून निसटले. जाळीदार काठीने चेंडू झेलावयाचा, तो काठीतच खेळवत धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या गोलात भिरकावयाचा, असे या खेळाचे स्थूल स्वरूप आहे. ऑलिंपिकसाठी त्याचा जो प्रकार स्वीकारला गेला त्यात प्रत्येक पक्षाचे सहा गडी, ७० मीटर लांब व ३६ मीटर रुंद मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार भाग आणि चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांच्या आत गोलावर मारा करण्याचे बंधन आहे.

अशा खेळासाठी शरीर कसे घडवावे, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशिक्षकांचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु शरीर घडविण्याच्या रीतीलाही इतिहास असतो. कोणत्या काळी कोणते शरीर सुदृढ मानले गेले, ते कोणासाठी आणि कशासाठी घडविले गेले, हे प्रश्न समाजाच्या इतिहासाचे आहेत. अधिवेशनाच्या स्थळापासून लोकलगाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात जे खेळ रुजले ते हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या आणि कुस्ती हे होत. त्यांच्या शरीरसाधनेचा मागोवा घेतला असता एक गोष्ट स्पष्ट होते. ती अशी की, खेळाडूचे शरीर हे खेळाच्या नियमांचे अपत्य असते. नियम बदलले की मेहनतीची रीत बदलावी लागते, आणि ती बदलण्यास जो समाज विलंब करतो त्याचे खेळाडू आपल्याच खेळात मागे पडतात.

२

महाराष्ट्रातील शरीरसाधनेची परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय, शरीरयष्टी व बळ यांनुसार वर्गवारी केलेली असून त्यांचा आहार व नित्याचे श्रम यांचेही विवेचन आहे. खांबावरील व्यायामाचा उल्लेखही त्यात येतो. म्हणजे मल्लाची तयारी ही काही केवळ अंगच्या जोरावर सोडून द्यावयाची गोष्ट नाही, तिची आखणी करावी लागते, ही जाणीव त्या काळीही होती. पुढे पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले, हे सर्वश्रुत आहे.

तालमीच्या भाषेतच तिची दृष्टी उमटलेली आहे. तेथे व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात. शिकविणाऱ्याला वस्ताद म्हणतात. जोर, बैठका, जोडी फिरविणे, करेला, मल्लखांब आणि शेवटी हौद्यातील तांबड्या मातीत लढत, असा मेहनतीचा क्रम असे. मेहनतीचे मोजमाप आकड्यांत होई खरे. परंतु तो आकडा वजनाचा नसून आवृत्तींचा असे. अमुक पैलवान इतके शे जोर मारतो, अशी त्याची ख्याती सांगितली जाई. या पद्धतीत अंगी मुरणारे बळ हे मुख्यतः चिवटपणाचे होते. मान, खांदे, मनगटे आणि मांड्या यांची शक्ती व लवचिकता ती उत्तम रीतीने वाढवी. दमसास तिच्यामुळे वाढे. मात्र वीस पावले विजेसारखे धावून एकदम थांबणे, वळणे आणि पुन्हा धावणे, या प्रकारच्या श्रमांचा तिच्यात फारसा विचार नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते. कारण कुस्तीला त्याची गरज नव्हती. तालीम ज्या खेळासाठी जन्मली त्या खेळापुरती ती परिपूर्ण होती.

तिचा दुसरा विशेष असा की, मेहनत हे तेथे साधन नसून बहुधा साध्यच असे. तालमीत जाणारा प्रत्येक तरुण फडात उतरत नसे. शरीर कमावणे हाच एक संस्कार मानला जाई. मारुतीची मूर्ती, लंगोटाचा नियम आणि वस्तादाविषयीचा आदर ही त्या संस्काराची अंगे होत.

३

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या स्थितीत मोठा पालट झाला. तोपर्यंत गल्लीत, शेताच्या बांधावर किंवा नदीच्या वाळवंटात ज्या खेळांना गावागणिक वेगळे नियम होते, त्यांना लिखित नियम देण्याचा उद्योग शहरांतील सुशिक्षितांनी आरंभिला. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्था या उद्योगात पुढे होत्या. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यात बांधले गेले. हुतुतूचे नियम सातारा, बडोदा व पुणे येथील मंडळींच्या खटपटीतून ठरत गेले. हुतुतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होई; गामिनीत तो डाव संपेपर्यंत बाहेर राही; अमर प्रकारात गडी मैदानातच राहून केवळ गुण मोजला जाई. स्पर्धांसाठी अखेर संजीवनीचे तत्त्व स्वीकारले गेले.

हा बदल केवळ सोयीचा नव्हता. गामिनी प्रकारात जो गडी अखेरपर्यंत टिकेल त्याला महत्त्व होते. तेथे सावधपणा व दीर्घकाळ टिकणारा दमसास हे गुण उपयोगी पडत. संजीवनीत गडी पुन्हा पुन्हा बाहेर जातो व परत येतो; दर वेळी थंड पडलेले अंग क्षणात तापवून त्याला पकडीत उतरावे लागते. नियमाचे एक कलम बदलले आणि त्याबरोबर शरीराकडून असलेली अपेक्षाही बदलली.

खो-खोचेही तसेच आहे. एकदा दिशा घेतल्यावर पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, आणि बसलेल्या गड्यांच्या मधून मध्यरेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक आहे. या एका नियमाने एकाच संघात दोन प्रकारच्या शरीरांची गरज निर्माण केली. पाठलागाच्या गड्याला उकिडवे बसलेल्या स्थितीतून झटक्यात उठून सरळ वेग घेता आला पाहिजे. पळणाऱ्याला वेग आवरता, हुलकावणी देता व वळता आले पाहिजे. आणि प्रत्येक खेळाडूला दोन्ही भूमिका कराव्या लागतात. बैठकांनी मांड्या बळकट होतात, हे खरे. पण वेग आवरण्याची कला केवळ बैठकांनी येत नाही.

लॅक्रॉसच्या इतिहासातही हीच घटना अर्धशतक आधी घडली होती. हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा, विशेषतः हौडेनोसौनी लोकांचा. त्यात गावेच्या गावे उतरत, मैदानाला निश्चित सीमा नसे, आणि खेळाला धार्मिक अर्थ असे. १८६० च्या दशकात माँट्रियल येथील दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी त्याला लिखित नियम दिले. मैदान, गडी आणि चेंडू यांचे माप ठरले. पुढे हौशी खेळाडूंपुरत्याच मर्यादित केलेल्या स्पर्धांतून ज्यांचा तो खेळ होता त्यांनाच दूर ठेवण्यात आले. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिक सामन्यांत लॅक्रॉस खेळला गेला आणि नंतर पदकांच्या यादीतून नाहीसा झाला. नियम देणारे हात आणि खेळ जपणारे हात नेहमी एकच असतात असे नाही, हा त्या इतिहासाचा बोध आहे. महाराष्ट्रात नियम बांधणारे आणि खेळणारे यांच्यात अशी भिंत उभी राहिली नाही, तरी अंतर होतेच. नियम जिमखान्यात लिहिले गेले. खेळ मात्र वाड्या-वस्त्यांत, कोळीवाड्यांत आणि गिरण्यांच्या चाळींत जगला.

४

नियमबद्ध खेळांबरोबरच शारीरिक शिक्षण ही नवी कल्पना रूढ होत होती. बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकराव यांनी सांघिक कवायतीला देशी वळण दिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाची तपासणी प्रयोगशाळेत सुरू केली. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेले व त्याने देशी खेळ आणि व्यायाम यांची प्रात्यक्षिके दाखविली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवनकार्य मानले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत संपादित केला. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी संस्था निघाली.

या सर्व उद्योगाचे मोल मोठे आहे. तथापि त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. या पिढीच्या दृष्टीसमोर खेळाडू नव्हता, तर राष्ट्र होते. दुर्बल झालेला समाज सबळ करावयाचा, हा तिचा ध्यास होता. म्हणून तिने सर्वांना करता येईल असा, थोड्या जागेत व साधनांशिवाय होणारा व्यायाम शोधला. सूर्यनमस्कार, कवायत व लेझीम हे त्याचे नमुने होत. विशिष्ट खेळासाठी विशिष्ट तयारी, हा विचार तिच्या कार्यक्रमात गौण राहिला.

त्याच सुमारास युरोपात विचाराचा प्रवाह निराळ्या दिशेने चालला होता. १९३० च्या दशकात जर्मनीत वाल्डेमार गेर्शलर व हर्बर्ट राइंडेल यांनी थांबून-थांबून धावण्याच्या शिस्तबद्ध पद्धतीचा अभ्यास केला. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापून विक्रम केला. १९४५ साली अमेरिकेत डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारांतून वजन क्रमाक्रमाने वाढविण्याचे तत्त्व मांडले. या दोन्ही शोधांचे सार एकच होते : श्रम मोजावेत, विश्रांती मोजावी, आणि दोहोंचे प्रमाण साध्यानुसार बदलावे. तालमीत श्रम मोजले जात, विश्रांती मोजली जात नसे. फरक येथे होता. भारतात १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाल्यावर हा विचार प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात आला.

५

ठाणे–कल्याण पट्ट्यात हे प्रवाह कसे एकत्र आले, हे पाहणे उद्बोधक ठरते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली आणि १८५४ साली ती कल्याणपर्यंत गेली. या लोहमार्गाने या गावांचे भवितव्य ठरविले. मुंबईत नोकरी आणि येथे बिऱ्हाड, अशी वस्ती वाढत गेली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व ठाण्याची वागळे वसाहत उभी राहिली. डोंबिवलीतही कारखाने आले. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली अस्तित्वात आली.

तालमीचा दिवस पहाटे सुरू होई. गाडीचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या कारकुनाला व पाळीत काम करणाऱ्या कामगाराला ती पहाट उरली नाही. त्यांचा खेळ संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर आणि गाडीतील उभ्याच्या प्रवासानंतर, मैदानात सुरू होई. अशा परिस्थितीत मेहनत व खेळ यांची ताटातूट होणे अपरिहार्य होते. वेळ थोडा, तो खेळण्यातच जाई. ‘खेळता खेळता अंग बनते’ ही समजूत याच परिस्थितीतून बळावली असावी.

या परिसरातील संस्थांची नावे या दृष्टीने बोलकी आहेत. ठाण्यात श्री मावळी मंडळ आणि आर्य क्रीडा मंडळ आहेत. कल्याणात नमस्कार मंडळ आहे. एका नावात शिवकालीन पराक्रमाची आठवण आहे, दुसऱ्यात क्रीडेचा पुरस्कार आहे, तिसऱ्यात व्यायामाचा विधी आहे. महाराष्ट्राच्या शरीरसाधनेमागील तीन प्रेरणा अशा एका लोहमार्गाच्या काठी शेजारी-शेजारी नांदल्या. मावळी मंडळाच्या कबड्डी स्पर्धांना राज्यभरातील संघ येतात. भोवतालच्या आगरी व कोळी वस्त्यांत तर कबड्डी हा जत्रा-उत्सवांइतकाच आपलेपणाचा विषय आहे.

येथे खेळाला आणखी एक अर्थ लाभला, तो उपजीविकेचा. रेल्वे, बँका, तेलकंपन्या व मोठे कारखाने आपापले संघ ठेवीत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. सामान्य घरातील मुलाच्या दृष्टीने एक उत्तम चढाई ही कायमच्या वेतनाची वाट होती. पण म्हणूनच गुडघ्याची दुखापत ही केवळ दुखापत राहिली नाही. ती नोकरीची संधी हिरावून घेणारी आपत्ती ठरू लागली. शरीराच्या शास्त्रशुद्ध तयारीचा प्रश्न चैनीचा नसून न्यायाचा आहे, तो या कारणाने.

मुलींच्या बाबतीत मैदानाने जे केले ते तालमीला करता आले नव्हते. तालीम ही पुरुषांची जागा होती. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पुरुषांसाठी झाली. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांची स्पर्धा झाली. शाळेच्या अंगणातून मुली मैदानात आल्या. परंतु त्या आल्या त्या खेळासाठी. मेहनतीची परंपरा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. बळ कमावण्याची रीत त्यांना नव्याने शोधावी लागली.

६

गेल्या काही दशकांत नियमांनी पुन्हा कूस पालटली आहे. कबड्डी मातीवरून मॅटवर आली. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळविणे भाग असते. पूर्वी ज्याचा दम लांब तो चढाई लांबवून प्रतिपक्षाला थकवू शके. आता उच्चार अखंड ठेवावयाचा असला तरी लांब दमाचा तो लाभ उरला नाही. त्याची जागा थोड्या अवकाशात प्रकट होणाऱ्या स्फोटक शक्तीने घेतली. माती पायाखाली थोडी सरकते व वळताना बसणारा झटका काही अंशी सोसते. मॅट पायातील बुटाला धरून ठेवते आणि तो झटका गुडघ्यावर येतो. म्हणून वेग वाढविण्याइतकेच वेग आवरण्याचे शिक्षण आवश्यक झाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. तो खेळही आता मॅटवर खेळला जातो.

लॅक्रॉसचा नवा प्रकार याच कुळातला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या परिसराच्या परंपरेचे मोल नेमके ठरविता येते. लॅक्रॉसच्या गड्याला काठीत चेंडू खेळविण्यासाठी मनगटाची फिरत लागते आणि चेंडू भिरकावण्यासाठी पाय, कंबर व खांदा यांची एका लयीत चालणारी साखळी लागते. जोडी फिरविण्यात या गुणांची पूर्वतयारी आहे. तीस सेकंदांच्या आत मारा करून लगेच बचावासाठी परतणे म्हणजे वारंवार वेग घेणे व क्षणभरात दम भरून काढणे. खो-खो त्याची शाळा आहे. अडविणाऱ्याला चकविण्यासाठी हुलकावणी लागते. आट्यापाट्यांत पाटीमागून पाटी ओलांडताना तिचाच अभ्यास होतो. मात्र क्रमाने वाढविलेल्या वजनाचा व्यायाम, उडी मारून योग्य रीतीने जमिनीवर येण्याचे शिक्षण आणि सामन्यांच्या ऋतूप्रमाणे श्रम व विश्रांती यांची वाटणी, या तीन गोष्टी परंपरेत मिळत नाहीत. त्या नव्या शास्त्राकडूनच घेतल्या पाहिजेत.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. जुन्या पद्धतीचे अभिमानी म्हणतात की, तालमीत सर्व काही होते. नवे शास्त्र ही केवळ नावांची उलटापालट आहे. नव्या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात की, हजार बैठका हा गुडघ्यांचा निष्कारण छळ आहे; जुने सर्व टाकून द्यावे. पहिल्या मताला इतिहासाचा आधार नाही. कारण तालमीने कधीही मैदानी खेळासाठी शरीर घडविण्याचा दावा केला नव्हता. दुसरे मतही एकांगी आहे; कारण ते व्यायामाचा प्रकार पाहते, व्यायामाची संस्था पाहत नाही. तालमीत गरीब मुलगा नाममात्र खर्चात जाऊ शके. वस्ताद त्याला वर्षानुवर्षे पाहत असे, त्याच्या घरची भाकरी कशी आहे हेही त्याला ठाऊक असे. यंत्रांनी सजलेल्या व्यायामगृहात शास्त्र अधिक असेल. पण महिन्याचे शुल्क देऊ न शकणाऱ्या खेळाडूला ते शास्त्र परके राहते. तालमीचे प्रमाण चुकले असेल, तिचे दार मात्र रुंद होते. नव्या शास्त्राला जुन्या दाराची जोड देणे, हा यातून निघणारा मार्ग होय.

अखेरीस अभ्यासकांच्या कर्तव्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. हा इतिहास राजदप्तरात सापडणारा नाही. मंडळांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, स्पर्धांची निमंत्रणे, संघांची छायाचित्रे आणि वृद्ध खेळाडूंच्या आठवणी, ही त्याची साधने होत. जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत असताना कपाटातील अशा वह्या रद्दीत जाण्यास एक दिवस पुरतो. कोणत्या मुलाने किती बैठका मारल्या, कोणती मुलगी कोणत्या वर्षी प्रथम मैदानात उतरली, कोणाचा गुडघा कोणत्या सामन्यात दुखावला आणि पुढे त्याचे काय झाले, हे ज्यांना सांगता येईल अशी पिढी मावळत आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मंडळांच्या दप्तरांची सूची तयार करणे हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. ते झाल्याशिवाय या परिसरातील खेळाडूच्या शरीराचा इतिहास अनुमानापुरताच राहील.